खेळ, गोष्ट आणि सोबतीचं मोठं माणूस

मूल बालवर्गात जायला लागलं की महिन्याभरात घरातून एक प्रश्न हमखास येतो : "तिथे नुसतं खेळवतात, की काही शिकवतातही?" हा प्रश्न विचारणाऱ्या आईबापांना दोष देता येत नाही. त्यांनी पोटाला चिमटा काढून फी भरलेली असते आणि वहीची भरलेली पानं एवढाच पुरावा त्यांच्या हाती येतो. पण खेळणं वेगळं आणि शिकणं वेगळं, हे या प्रश्नात गृहीत धरलेलं असतं. तीन ते सहा या वयाबद्दल गेल्या शंभर वर्षांत जे कळत गेलं, ते या गृहीताला छेद देतं.

याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच रुजलेली आहे. मुलांना खेळायला सोडा, ती आपोआप शिकतील, असं ती सांगते. यालाही पुरावा पुरेशी साथ देत नाही. खेळ, गोष्ट आणि घर या तिन्ही ठिकाणच्या अभ्यासांतून पुन्हा पुन्हा एकच गोष्ट पुढे येते : मुलाचं बोलणं ऐकून त्याला उत्तर देणारं, त्याच्या खेळात योग्य वेळी एक प्रश्न टाकणारं मोठं माणूस जवळ असेल तर शिकणं घडतं. साहित्य आणि अभ्यासक्रम त्याच्या मदतीला येतात, त्याची जागा घेत नाहीत.

बोर्डी ते कोसबाड

या विचाराची आपल्याकडची मुळं भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत सापडतात. गिजुभाई बधेका यांनी तिथे १९२० मध्ये बालमंदिर सुरू केलं. ताराबाई मोडक त्यांच्या सहकारी झाल्या आणि १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. माँटेसरी पद्धतीचा पाया दोघांनी स्वीकारला. मात्र तिचं महागडं साहित्य गरीब मुलांपर्यंत पोचणार नाही, हेही त्यांना दिसत होतं.

ताराबाईंनी १९४५ मध्ये बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र उभारलं आणि अनुताई वाघ त्याच वेळी त्यांना येऊन मिळाल्या. बालवाडी सुरू झाली, पण पाड्यांवरची मुलं येईनात. कुणाला धाकटं भावंड सांभाळायचं असे, कुणाला गुरं राखायची असत. तेव्हा बालवाडीच पाड्यावर गेली आणि घरांच्या अंगणात भरू लागली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणशाळा निघाली. शंख-शिंपले, बिया, खडे, पानं हे साहित्य झालं. १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथल्या विकासवाडीत पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एका छताखाली आली, त्यामुळे धाकट्याला कडेवर घेऊन येणारी ताईही शिकू लागली. मुलाचं शिकणं त्याच्या घरापासून तोडता येत नाही, ही या कामातली सगळ्यात मोठी शिकवण होती. अनुताई आणि रमेश पानसे यांनी १९८२ मध्ये स्थापन केलेल्या ग्राममंगलने ती पुढे नेली. नीलेश निमकर यांच्या क्वेस्ट या संस्थेने २००७ पासून पालघर जिल्ह्यातल्या वाडा तालुक्यातून तीच वाट धरली.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातल्या ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात धारणी आणि धारावी इथे तिचा आरंभ झाला. ताराबाईंच्या कामातून रुळलेलं 'अंगणवाडी' हे नाव त्या योजनेमुळे देशभर पोचलं. आज राज्यात एक लाखाहून अधिक अंगणवाड्या आहेत.

धोरणाच्या पातळीवर मात्र हे वय बराच काळ उपेक्षित राहिलं. २००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने सहा ते चौदा वयासाठी शिक्षण मूलभूत हक्क केलं. सहाच्या आतल्या मुलांसाठी राज्याने 'प्रयत्न करावा' एवढंच म्हटलं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यातही हक्क सहाव्या वर्षापासूनच सुरू होतो. त्याआधी, १९९३ मध्ये, प्रा. यशपाल समितीने लहान मुलांवरचा औपचारिक लेखन-वाचनाचा मारा थांबवा आणि नर्सरी प्रवेशाच्या चाचण्या व मुलाखती बंद करा, असं स्पष्ट सांगितलं होतं. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ हा एकसंध पायाभूत स्तर मानला. ऑक्टोबर २०२२ मध्ये आलेल्या त्याच्या अभ्यासक्रम आराखड्याने मुक्त, मार्गदर्शित आणि नियोजित अशा तिन्ही प्रकारच्या खेळांना शिकण्याची मुख्य पद्धत ठरवलं. कागदावर वाद मिटला आहे. वर्गात आणि घरात तो मिटायचा आहे.

खेळात नेमकं काय घडतं?

भातुकलीपासून सुरुवात करू. पिंपळाचं पान 'पोळी' होतं तेव्हा मूल वस्तू आणि तिचा अर्थ एकमेकांपासून सोडवून घेत असतं. समोर आहे एक आणि ते दुसऱ्याच कशाच्या तरी जागी आहे, ही समज पुढे अक्षर आणि अंक शिकताना लागते, कारण कागदावरची रेघही कशाच्या तरी जागी असते. रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हिगॉट्स्की यांनी १९३३ मध्येच सांगितलं होतं की, अशा खेळात मूल आपल्या रोजच्या वागण्याच्या एक पायरी वर वावरतं. एरवी इंजेक्शन पाहून रडणारी मुलगी 'डॉक्टरबाई' झाली की गंभीरपणे बाहुलीला समजावते. भूमिकेचा नियम ती स्वतःवर लादून घेते. हा आत्मसंयम मोठ्यांच्या दटावणीतून सहसा येत नाही.

एकत्र खेळणं हेही हळूहळू येतं. मिल्ड्रेड पार्टेन यांनी १९३२ मध्ये मुलांच्या निरीक्षणांवरून दाखवलं की लहान मुलं आधी एकटी, मग शेजारी बसून पण आपापलं, आणि नंतर मिळून खेळतात. अडीच-तीन वर्षांची दोन मुलं एकाच वाळूत पाठमोरी खेळत असतील तर ती 'मिसळत नाहीत' म्हणून चिंता करू नये. ती एकमेकांना पाहून शिकत असतात.

गणिताचं उदाहरण जास्त बोलकं आहे. पाहुण्यांसमोर शंभरपर्यंत आकडे म्हणून दाखवणाऱ्या चार वर्षांच्या मुलाला "पाच वाट्या आण" म्हटलं तर ते पुष्कळदा हाताला लागतील तेवढ्या आणतं. कारण मोजणं म्हणजे आकड्यांची माळ म्हणणं नव्हे. रॉशेल गेलमन आणि रँडी गॅलिस्टेल यांनी १९७८ मध्ये मोजण्यामागची तत्त्वं मांडली. त्यांतली दोन घरी लगेच तपासता येतात : एका वस्तूला एकच आकडा, आणि शेवटी उच्चारलेला आकडा म्हणजे एकूण संख्या. ही समज पाठांतराने येत नाही. पानं वाढताना प्रत्येक पाटासमोर एकेक वाटी ठेवली की ती येऊ लागते.

गीता रमणी आणि रॉबर्ट सीगलर यांनी २००८ मध्ये अमेरिकेतल्या गरीब घरांतल्या मुलांसाठी एक साधा पट तयार केला. एका ओळीत एक ते दहा अंकांची घरं होती. थोड्या वेळाच्या चारच बैठकांनंतर ही मुलं संख्यांचा लहानमोठेपणा ओळखण्यात पुढे गेली. अंकांऐवजी रंगांचा पट खेळलेल्या मुलांत असा फरक पडला नाही. पाचव्या घरावरची सोंगटी दोन घरं पुढे नेताना मुलाने "एक, दोन" म्हणायचं नव्हतं, "सहा, सात" म्हणायचं होतं. चुकलं तर शेजारचं मोठं माणूस सावरून घेत होतं. घरातल्या सापशिडीत हे आजच करता येईल. खेळ तोच राहतो, शेजारचं बोलणं तेवढं बदलतं.

या क्षेत्रातला एक भारतीय प्रयोग प्रत्येक बालशिक्षकाने लक्षात ठेवावा असा आहे. मोइरा डिलन, एस्थर डुफ्लो, एलिझाबेथ स्पेल्की आणि सहकाऱ्यांनी 'प्रथम' या संस्थेच्या मदतीने दिल्लीतल्या २१४ बालवर्गांतल्या १,५४० मुलांसोबत तो केला आणि २०१७ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. चार महिने गणिती खेळ खेळलेल्या मुलांची संख्या आणि आकारांची उपजत जाण वाढली आणि वर्षभरानंतरही टिकली. पण पहिलीतल्या लेखी गणितात तिचा फायदा उतरला नाही. यावरून खेळ निरुपयोगी ठरत नाही. त्याने पाया घातला; त्या पायापासून शाळेतल्या अंकांपर्यंत नेणारा जिना कुणीतरी बांधायला हवा होता. हातातल्या बिया, तोंडातला आकडा आणि पाटीवरचा अंक यांची गाठ मोठ्या माणसाने जाणीवपूर्वक घालून द्यावी लागते.

मार्गदर्शित खेळ म्हणतात तो हाच. मांडणी मोठ्यांची, सूत्रं मुलाच्या हाती. मूल उंच पेल्यातलं पाणी बसक्या वाडग्यात ओतत असेल तर "बघ, पाणी तेवढंच असतं" असं सांगून टाकलं की विचार तिथेच थांबतो. "आता कमी झालं का गं? कसं कळेल आपल्याला?" असं विचारलं की तो सुरू होतो.

गोष्ट : न दिसणाऱ्या जगाची भाषा

घरातलं रोजचं बोलणं बहुतेक समोरच्या वस्तूंबद्दल असतं : चप्पल घाल, दूध पी, इकडे ये. गोष्टीत मात्र समोर काहीच नसतं. जंगल, वाघ, भोपळा सगळं शब्दांतून उभं करावं लागतं. पुस्तकाची भाषा अशीच असते, म्हणून गोष्टी ऐकलेल्या मुलाला पुस्तक परकं वाटत नाही. 'घनदाट' किंवा 'युक्ती' असे स्वयंपाकघरात न येणारे शब्दही गोष्टीतूनच कानी पडतात.

आपल्या पारंपरिक गोष्टींची घडण या वयाला नेमकी जुळते. भोपळ्यातल्या म्हातारीच्या गोष्टीत जाताना भेटलेले प्राणी परतताना पुन्हा भेटतात, त्यामुळे मूल क्रम धरून ठेवतं आणि पुढे काय होणार ते आधीच सांगू पाहतं. चिऊ-काऊच्या गोष्टीत शेणाचं घर पावसात वाहून जातं आणि मेणाचं टिकतं, यात कार्यकारणभाव आहे. तीच गोष्ट विसाव्यांदा मागणारं मूल हट्टी नसतं. पहिल्यांदा त्याने घटना पकडलेल्या असतात, नंतर कारणं, आणि मग पात्रांच्या मनातलं.

गोष्ट सांगण्याच्या पद्धतीने किती फरक पडतो हे ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये मोजलं. दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या पालकांपैकी काहींना त्यांनी चित्रपुस्तक वाचताना प्रश्न विचारायला आणि मुलाचं वाक्य वाढवून परत द्यायला शिकवलं. बाकीचे नेहमीसारखेच वाचत राहिले. महिन्याभरात पहिल्या गटातल्या मुलांचं बोलणं दुसऱ्या गटापेक्षा स्पष्टपणे पुढे गेलं. वाचन दोन्हीकडे होत होतं. फरक संवादाचा होता. मूल म्हणतं, "भूभू पळाला." आपण म्हणायचं, "हो, काळा कुत्रा मांजरामागे पळाला. आता मांजर कुठे चढेल?" एवढंच.

बडबडगीतांचं काम आणखी वेगळं. यमक आणि ताल यांमुळे शब्दांचे तुकडे कानाला सुटे ऐकू येतात. मराठीत हे तुकडे अक्षरांचे असतात. 'कमळ' शब्दाच्या तीन टाळ्या चार वर्षांचं मूल सहज वाजवतं. अक्षराच्या आतला स्वर आणि व्यंजन वेगळं करणं त्याला अवघड जातं, म्हणून काना-मात्रा आणि जोडाक्षरं सावकाश येतात. त्यासाठी तिसऱ्या वर्षी गिरवण्याची घाई करून काही हाती लागत नाही. पालघरमधल्या मराठी आणि यादगिरीमधल्या कन्नड शाळांत २०११ पासून काही वर्षं चाललेल्या लिरिल या अभ्यासात दिसलं की, सुरुवातीच्या इयत्तांत अक्षरांच्या ओळखीवर सगळा भर असतो आणि अर्थ, गप्पा, स्वतःच्या मनातलं लिहिणं मागे पडतं. ही उणीव गोष्टींनी भरलेला बालवर्ग आधीच भरून काढू शकतो.

पुस्तकांची ददात पूर्वीइतकी नाही. माधुरी पुरंदरे यांची चित्रपुस्तकं मराठी मुलाच्या घरातलं, गल्लीतलं जग त्याच्याच भाषेत दाखवतात. प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हरवर २०१५ पासून मराठी गोष्टी विनामूल्य वाचता येतात. आणि जिथे एकही पुस्तक नाही, तिथे आजीची तोंडी गोष्ट कमी पडत नाही.

घर : शाळेची शाखा नव्हे

घरच्या आधाराचं महत्त्व सांगणारा सगळ्यात ठोस पुरावा जमैकातला आहे. किंग्स्टनमध्ये १९८६-८७ मध्ये सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर यांनी खुंटलेल्या वाढीच्या १२९ बाळांचा अभ्यास सुरू केला. त्यांतल्या काहींच्या घरी आरोग्यसेविका दोन वर्षं दर आठवड्याला तासभर जात आणि आईला घरी बनवलेल्या खेळण्यांनी बाळाशी खेळायला, बोलायला दाखवत. वीस वर्षांनंतर त्या मुलांची कमाई भेटी न मिळालेल्या मुलांपेक्षा सुमारे २५ टक्क्यांनी जास्त असल्याचं २०१४ मध्ये प्रसिद्ध झालं. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात १९६२ पासून चाललेल्या १२३ मुलांच्या प्रसिद्ध पेरी प्रकल्पातही बालवर्गासोबत शिक्षिकेची साप्ताहिक गृहभेट होती; पुढे बालवर्गाचंच कौतुक झालं आणि गृहभेटी विस्मरणात गेल्या.

महाराष्ट्रात हे सूत्र २०२२ मध्ये 'पहिले पाऊल' या शाळापूर्व तयारी अभियानातून मोठ्या प्रमाणावर दिसलं. करोनाकाळात बालवाडीचं तोंडही न पाहिलेली मुलं पहिलीत येणार होती. शाळांत मेळावे झाले, गावोगाव मातांचे गट तयार झाले आणि आया एकत्र बसून मुलांसोबत करायच्या सोप्या कृती शिकल्या. कमी शिकलेली आईही यात मागे राहिली नाही, कारण तिला धडा शिकवायचा नव्हता, मुलासोबत बसायचं होतं.

घरातलं काम हेच साहित्य आहे. मटकी आणि चवळी वेगळी करणं, शेंगा सोलणं, डब्याला नेमकं झाकण शोधणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, कणकेचा गोळा मळणं यांत वर्गीकरण, तुलना, आकार आणि बोटांची ताकद सगळं आहे. पेन्सिल धरायच्या आधी या बोटांना कणीक आणि माती मिळायला हवी. ही जबाबदारी एकट्या आईच्या गळ्यात घालणंही चूक आहे. बाजारातून येताना पिशवीतली भाजी मुलासोबत लावणारा बाप आणि झोपवताना गोष्ट सांगणारे आजोबा तेवढेच शिक्षक आहेत. ऊसतोडीला गेलेल्या किंवा दिवसभर बांधकामावर राबणाऱ्या आईला उपदेश करण्याचा अधिकार कुणालाच नाही. तिच्या मुलासाठी पाळणाघर आणि स्थलांतराच्या ठिकाणी बालवाडी देणं हे समाजाचं काम आहे.

मोबाइलचा प्रश्न इथेच येतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशीनुसार तीन-चार वर्षांच्या मुलांनी दिवसातून जास्तीत जास्त एक तास पडद्यासमोर बसावं, किमान तीन तास हालचालीत घालवावेत आणि दहा ते तेरा तास झोप घ्यावी. पडद्याचा मोठा तोटा असा की, मूल काय म्हणालं याला तो उत्तर देत नाही.

आणि भाषा. मेळघाटातलं मूल घरी कोरकू बोलतं, डहाणूतलं वारली, गडचिरोलीतलं गोंडी. अंगणवाडीत पाऊल टाकताच त्याची भाषा उंबऱ्याबाहेर राहिली तर ते गप्प होतं, आणि गप्प मुलाला कुणी उत्तर देणार कसं? त्याच पाड्यावरची मदतनीस ताई अशा वेळी सगळ्यात मोलाची शिक्षिका ठरते. तिच्या भाषेतल्या गोष्टीपासून सुरुवात करून मराठीकडे सावकाश येता येतं. शहरात याचंच दुसरं रूप दिसतं. इंग्रजी माध्यमाच्या नर्सरीत घातलं म्हणून घरी तुटक इंग्रजी बोलणारे पालक मुलाचा मोठा तोटा करतात. ज्या भाषेत आपल्याला चिडता, समजावता, गोष्ट रंगवता येते ती भाषा मुलाला भरभरून मिळू द्यावी. दुसरी भाषा त्या बळावर येते.

अडतं कुठे?

अंगणवाडी सेविकेचा दिवस पाहिला की उत्तर मिळतं. मुलांची वजनं घेणं, आहार वाटणं, गरोदर आणि स्तनदा मातांच्या भेटी, लसीकरणाला हातभार, नोंदवह्या, शिवाय २०२१ पासून पोषण ट्रॅकर या ॲपवरची माहिती. यातून उरलेल्या वेळात वेगवेगळ्या वयांच्या मुलांसोबत खेळ, गोष्ट, गप्पा. तिने हे जिद्दीने केलं तरी दोनच हात आहेत.

तमिळनाडूत अलेहांद्रो गानिमियान, कार्तिक मुरलीधरन आणि ख्रिस्तोफर वॉल्टर्स यांनी केलेला प्रयोग म्हणूनच महत्त्वाचा आहे. ३२० केंद्रांच्या त्या अभ्यासात निवडक अंगणवाड्यांना केवळ बालशिक्षणासाठी अर्धवेळ कर्मचारी दिली. मुलांना शिकवण्याचा वेळ दुप्पट झाला, गणित आणि भाषेत मुलं लक्षणीय पुढे गेली. जुन्या सेविकेला मोकळा वेळ मिळाल्याने कुपोषणही घटलं.

फक्त वर्ग वाढवून भागत नाही, याचा इशारा अमेरिकेतल्या टेनेसी राज्याने दिला आहे. तिथल्या सरकारी बालवर्गांत सोडतीने प्रवेश मिळालेली मुलं सुरुवातीला पुढे दिसली. सहावीपर्यंत मात्र प्रवेश न मिळालेल्यांच्या मागे पडली, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालं. मुलांना बराच वेळ एकत्र बसवून ऐकायला लावणं आणि सतत शिस्तीत ठेवणं हे त्यामागचं एक कारण असावं, असं संशोधकांना वाटतं. आपल्याकडच्या कित्येक खासगी नर्सरींत तीन वर्षांची मुलं बाकांवर बसून पानं गिरवतात. त्यांच्या पालकांनी हा निष्कर्ष जरूर वाचावा.

शाळा निवडताना इमारत आणि वह्या पाहण्याऐवजी वर्गाच्या दारात थोडा वेळ थांबून ऐकावं. मुलं बोलतात का, त्यांना कुणी उत्तर देतं का, ताई प्रश्न विचारून थांबतात का, घरची भाषा ऐकू येते का? ही उत्तरं 'हो' असतील तर वही कोरी असली तरी मूल शिकतं आहे.

आणि सरकारकडे एक मागणी लावून धरायला हवी : प्रत्येक अंगणवाडीत फक्त मुलांसाठी एक प्रशिक्षित, सन्मानाने मानधन मिळणारी बालशिक्षिका. आराखडे आले, साहित्याच्या पेट्या आल्या, ॲप आलं. त्या पेट्या उघडून मुलांसोबत जमिनीवर बसायला माणूस नसेल तर हा सगळा खर्च वाया जाईल. अर्थसंकल्पात बालशिक्षणासाठी पहिला रुपया या माणसावर खर्च व्हावा, आणि तो होईपर्यंत पालकांनी, शिक्षकांनी आणि ग्रामसभांनी गप्प बसू नये.